आठ नंबरचा खिळा

सुरुवातीलाच सांगून टाकते - हे वाचून कोणीही मला अंगारा, ताईत किंवा कुठल्या महाराजांचा पत्ता पाठवू नये. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचत आले आणि हसत आले. आमचं घर शनिवार पेठेत. खाली बाबांचा छोटा छापखाना, वर आम्ही. कामगारांच्या सभांची, भोंदूबाबांविरुद्धची पत्रकं आमच्याकडे छापली जायची आणि बिघडलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची. 'अ' अननसाचा असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं. घरी तो अन्यायाचा होता.

त्यामुळे भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरी लिहिते आहे, कारण झालं ते झालं... आणि झालेलं गिळून बसायची सवय मला कोणी लावलेली नाही.

गोष्ट २००६-०७च्या सुमाराची. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि "एवढं काय त्यात, जाऊ दे ना पुढे" असं म्हणणाऱ्यांशी दिवसभर भांडायचं. स्वभावाला साजेशी नोकरी मिळाली होती. रविवारी आम्ही पाच-सहा जण गिअरच्या सायकली घेऊन माळावर जायचो.

हा माळ शहराच्या पश्चिम टोकाला आहे. शेवटच्या सोसायटीचा सांगाडा मागे पडला की डांबर संपतं, मग एक कोरडा ओढा लागतो, ओढ्यापलीकडे दगडगोट्यांचा, बाभळींचा मोठा पसारा. नाव मुद्दाम देत नाही, दिलं तर पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरेल. गावातले लोक त्याला चांदमारी म्हणतात, कारण लष्कराचे जवान तिथे गोळीबाराचा सराव करतात. सरावाच्या वेळी टेकाडावर लाल बावटा चढतो. आमच्या घरात लाल बावटा म्हणजे पुढे चला. इथे त्याचा अर्थ उलटा, हे मला मुद्दाम लक्षात ठेवावं लागलं.

जमीन लष्कराची, पण सराव नसेल तेव्हा गावची गुरं तिथे चरत, बायका सरपण आणत, आणि आम्हीही चाकं फिरवत असू. मग कोणीतरी दोघे हौशे लाल बावटा वर असताना व्हिडिओ काढायला आत घुसले आणि सगळ्यांचाच रस्ता बंद व्हायची वेळ आली. तेव्हा मी आणि आमचा ग्रुप चालवणारा नचिकेत लष्कराच्या कचेरीत आठ महिने खेटे घालत होतो. शेवटी परवानगी मिळाली, पण नियमांवर. मळलेल्या वाटेबाहेर चाक घालायचं नाही. जमिनीत धातूचं काही दिसलं तर हात लावायचा नाही. सरावाच्या दिवशी आत जायचं तर साडेनऊपर्यंत बाहेर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिल्ले.

बिल्ल्यांची कल्पना माझी. वाटेच्या तोंडाशी शेवंतामावशींची चहाची टपरी आहे. टपरीच्या कुडाला आम्ही एक फळी ठोकली, फळीवर बारा खिळे, खिळ्यांवर बारा पत्र्याचे बिल्ले, तेलाच्या डब्यातून कापलेले, नंबर ठोकलेले. आत जाताना एक उचलायचा, बाहेर आल्यावर अडकवायचा. सराव सुरू करण्याआधी तुकडीचे सुभेदारसाहेब येऊन फळी बघणार, बाराच्या बारा जागेवर असतील तरच पुढचा हुकूम देणार. शेवटी बाहेर येणाऱ्याने प्रत्येक बिल्ल्याला बोट लावून मोठ्याने मोजायचं, नुसतं बघून नाही. कारण नुसतं बघणाऱ्या माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं, हे मी ऑफिसात रोज पाहत होते. मी एक पत्रकही काढलं. शीर्षक 'हा माळ सगळ्यांचा आहे' आणि खाली ठळक अक्षरांत: 'खिळे भरले, तरच माळ रिकामा.' बाबांनी ते फुकट छापून दिलं आणि एक स्वल्पविराम बदलला.

त्या रविवारी आम्ही पाच जण आत गेलो. एक ते पाच नंबरचे बिल्ले. दहाला सराव होता. सव्वानऊला पाचही जण बाहेर आलो, पाचही बिल्ले अडकवले. शेवंतामावशी हंडा घेऊन खाली हापशावर गेल्या होत्या. सुभेदारसाहेब जीपमधून उतरत होते. साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. मी मोजायला लागले. एक, दोन... सहा, सात...

आणि बोट उघड्या खिळ्यावर गेलं.

आठ नंबरचा खिळा. जरा वाकडा होता तो, ठोकताना नचिकेतनेच वाकडा केला होता. बिल्ला नव्हता त्यावर. माझ्या बोटाला गंज लागला. पुढे नऊ, दहा, अकरा, बारा जागेवर.

नचिकेतने मोजलं. अकरा. सुभेदारसाहेबांनी हातातल्या वेताच्या छडीचं टोक एकेका बिल्ल्याला टेकवत मोजलं. तेही अकरावर थांबले.

आता गंमत बघा - आठ नंबर कोणी नेलाच नव्हता. आम्ही पाच गेलो, पाच आलो, पाचही जण समोर उभे. नचिकेत म्हणाला, पडला असेल, कुत्र्याने नेला असेल, दुसरा कापू. टपरीखाली, फळीमागे, गवतात शोधलं. नाही. सुभेदारसाहेबांनी घड्याळ बघितलं. तुकडी लांबून आली होती, दोन तासांचीच वेळ मिळाली होती. ते मला म्हणाले की तुमची माणसं पूर्ण आहेत ना, मग झालं.

मी नाही म्हणाले.

नचिकेतने मला बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं साधं होतं. एक ताकीद आधीच मिळाली आहे, आज यांचा सराव आपल्यामुळे अडला तर उद्यापासून हा रस्ता बंद. आठ महिने पाण्यात. आणि कशासाठी, तर एका पत्र्याच्या तुकड्यासाठी.

खरं सांगू? त्याचं चुकत नव्हतं. आणि मला काही 'जाणवलं' वगैरे नव्हतं. अंगावर काटा नाही, थंड झुळूक नाही, कोणी कानात कुजबुजलं नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की तपासणी केली, ती नापास झाली, आणि आता सगळे मिळून तिला पास म्हणायला निघाले आहेत. हे मी सोमवार ते शुक्रवार पाहते. रविवारी पण पाहायचं?

मी माझी सायकल जीपसमोर वाटेत आडवी टाकली.

"ताई," सुभेदारसाहेब म्हणाले, "हे तुमचं आंदोलन नाही."

"साहेब, नियमांच्या कागदावर खाली सही तुमची आहे. खिळा रिकामा असेल तर सराव नाही."

"तुमचं माणूस आत नाही, हे तुम्हीच सांगता."

"आमचं नाही. कोणाचं आहे ते बघून या. मग मी सायकल उचलते."

त्यांनी जीपमधल्या जवानांकडे बघितलं. मला वाटलं, आता दोन जवानांना सांगून सायकल आणि मला, दोघींना उचलून बाजूला ठेवतील. पण ते म्हणाले, "वीस मिनिटं. नंतर हा रस्ता मी स्वतः बंद करीन, कायमचा." नचिकेतने डोळे मिटून घेतले.

दोन जवान, सुभेदारसाहेब आणि मी आत निघालो. नेहमीच्या वाटेवर कोणी नव्हतं. बाभळीत कोणी नव्हतं. निशाण्यांच्या फळ्यांमागे मातीचा उंच बांध आहे, गोळ्या त्यात रुततात. त्याच्याही मागे ओढ्याची एक घळ जाते. तिकडे कधीच कोणी बघायला जात नाही, कारण तिकडे जायला वाटच नाही. पंधरा मिनिटं झाली होती. एक जवान बांधावर चढला आणि तिथूनच त्याने हात वर केला.

घळीत एक बाई पडली होती. चाळिशीची, अंगावर मातीने भरलेलं लुगडं, उजवा पाय नको तसा वळलेला. शेजारी खुरपं आणि गोणपाट. गोणपाटात बांधातून उकरलेल्या गोळ्यांचं शिसं. ते भंगारात विकलं जातं, आणि ते उकरणं गुन्हा आहे, म्हणून या बायका गावाच्या बाजूने, अंधूक उजाडताना, कोणाला न दिसता आत येतात. तिचं नाव यमुना. पहाटे पाय घसरून पडली होती. आम्ही शोधत येताना आवाज ऐकला होता तिने, जवानांच्या शिट्ट्याही ऐकल्या होत्या.

"मग हाक का नाही मारलीत?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे नाही, सुभेदारसाहेबांच्या बुटांकडे बघितलं. "पोलिसात देतील म्हनून. म्हनलं, निजून ऱ्हायलं की गोळ्या वरनं जातील."

सुभेदारसाहेबांनी स्वतः गोणपाट उचललं, उपडं केलं आणि रिकामं गोणपाट तिच्या पायाखाली घडी करून घातलं. चोरीचा शब्दही काढला नाही त्यांनी. बांधाला ठिकठिकाणी मागच्या सरावाची ताजी भोकं होती. शिसं उकरून बांध जिथे पातळ झाला होता तिथे काही घळीच्या बाजूलाही होती, आरपार. ती पडली होती तिथून हातभर अंतरावर.

तिला जीपमधून दवाखान्यात पाठवलं. सराव रद्द झाला. आम्ही टपरीवर परत आलो तेव्हा शेवंतामावशी चुलीपाशी होत्या. मी धापा टाकत सांगितलं की आठ नंबर हरवला म्हणून हे सगळं...

"कुठं हरवला?" त्या म्हणाल्या. "समदे हायेत की जागेवर."

फळीवर बारा बिल्ले होते.

आठ नंबर वाकड्या खिळ्यावर लटकत होता. आणि - ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी माझाच आवाज मला खोटा वाटतो - त्या बिल्ल्यापासून नऊच्या खिळ्यापर्यंत कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धुळीने मळलेलं, मध्ये एक सुकलेलं चिलट. बिल्ला कोणी काढून परत लावला असता, तर ते तुटलं असतं. जाळं अर्ध्या तासात विणलं जाईल, पण ती धूळ? मी माझं बोट बघितलं. त्यावर अजून खिळ्याचा गंज होता.

सुभेदारसाहेब वाकून बराच वेळ ते जाळं बघत होते. मग ताठ झाले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "मी अकरा मोजले होते." एवढंच. त्यांच्या अहवालात यातलं काही गेलं नाही, एक जखमी महिला मिळाली इतकंच गेलं. नचिकेत आता म्हणतो की ऊन डोळ्यांवर होतं. सव्वानऊला ती फळी सावलीत असते. मी नंतर चार रविवार जाऊन पाहिलं.

पुढच्या रविवारी गेले तर आठ नंबरला हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूची माळ, खाली फोडलेला नारळ. ऑफिसात तोवर ईमेल फिरायला लागली होती, माळावर पूर्वी मेलेल्या कोणा शिपायाची गोष्ट कोणीतरी जोडलीही होती. मी ओल्या फडक्याने बिल्ला पुसला. शेवंतामावशी दोन रविवार माझ्याशी बोलल्या नाहीत, चहा मात्र दिला, बिनसाखरेचा. मी कोणाला त्या खिळ्याचं देऊळ करू देणार नाही. मला उत्तर माहीत नाही, म्हणून त्या जागी शेंदूर फासायचा? माहीत नाही तर माहीत नाही म्हणावं. कमीपणा कसला त्यात?

पण हेही लिहिते - उलट बाजूच्या मंडळींनीही मला गप्प करायला बघितलं. चळवळीतल्या एका काकांनी सल्ला दिला की हे छापू नकोस, भोंदूंच्या हातात कोलीत मिळेल. म्हणजे सत्य आपल्या सोयीचं असेल तेव्हाच छापायचं? मी बाबांकडे तक्रार घेऊन गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला. वाटलं, जाळ्याबद्दल विचारतील.

त्यांनी विचारलं, "त्या बाईला बिल्ला का नव्हता?"

पत्रकाचं शीर्षक माझंच होतं, 'हा माळ सगळ्यांचा आहे'. आणि बारा खिळे सायकलवाल्यांसाठी. गुराख्यांना, सरपणाच्या बायकांना मोजायचं मला सुचलंच नव्हतं. आठ महिन्यांत एकदाही नाही. मी एवढी नियमांवर अडून बसणारी, माझ्याच नियमात एक अख्खं गाव गळलं होतं आणि ते मला कोणत्याही तपासणीत दिसलं नाही.

मग आणखी खेटे घातले. यावेळी गावातल्या बायका बरोबर होत्या, त्यामुळे कामं लवकर झाली. फळीवर आता चाळीस खिळे आहेत. शिसं उकरायला बंदी आहे, पण सरपण आणि गुरांसाठी गावाला उघड्या वाटेने, दिवसाउजेडी जाता येतं. आणि सरावाआधी जवान घळीतही उतरतात.

जाळ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असलं तर जरूर कळवा, पण आधी त्या फळीसमोर उभे राहून कळवा.

यमुना आता जरा लंगडत चालते. सरपणाला जाताना ती आठ नंबरच उचलते. एकदा मी तिला म्हटलं, त्यात देव वगैरे काही नाही हं. ती म्हणाली, "ठावं हाय. बिल्ला हाय त्यो," आणि सेफ्टी पिनने पदराला लावून चालू लागली. परत आली की अडकवते आणि बाजूला उभी राहते, मी मोजेपर्यंत. सहा, सात, आठ. कोळ्याला आता तिथे जाळं विणायला सवड मिळत नाही.