मेसेज आलाच नाही

आमच्या धाकटीला घरात सगळे घुमी म्हणतात. तोंडातून शब्द काढायचा तर जणू गाठचे पैसे जातात. कॉलेजने तिला महिनाभर एका छोट्या कंपनीत कामाला लावलं. कंपनी म्हणजे लॅपटॉपवरचे चार चौकोन. प्रत्यक्षात कुणी कुणाला पाहिलेलं नाही. डायलिसिसच्या पेशंटना वेळ कळवणारं ॲप ते करत होते. काम पसंत पडलं तर पुढे नोकरी.

चाचणीला नंबर माझा. तिने बटण दाबलं की माझ्या फोनवर यायचं, ‘उद्याची तुमची वेळ रद्द झाली आहे’, आणि मी भांडी घासता घासता ओरडायची, “आला गं!”

शेवटच्या दिवशी, दवाखान्याला ॲप दाखवायच्या डेमोच्या थोडं आधी, तिने विचारलं, “आई, आला?”

“नाही.”

“नीट बघ ना!”

बाहेर येऊन बघते तर पोरीचा चेहरा पांढराफटक. डेमोसाठी तिने दवाखान्यातल्या पेशंटची खरी यादी जोडली होती आणि सवयीने बटण दाबलं होतं. मेसेज खऱ्या पेशंटना गेला होता. डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, श्वास कोंडतो, जीवावर बेततं.

“गपचूप दुसरा मेसेज पाठव की,” मी म्हटलं. “कुणाला कळतंय?”

“आणि कुणी तो वाचलाच नाही तर?”

ती चौकोनांसमोर बसली. “चूक माझी आहे. नंबर वाटून घ्या, सगळ्यांना फोन करू या.” जन्मात ती एका दमात इतकं बोलली नव्हती. मला वाटलं, गेली नोकरी. पण टीमचा प्रमुख म्हणाला, “वरचे नंबर मी घेतो.”

सगळ्यांशी बोलणं झालं. एक आजोबा तेवढे फोन उचलेनात. डेमो सुरू झाला, दवाखान्याचे डॉक्टर पडद्यावर आले. घुमी कसंबसं बोलत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. प्रमुख मानेने नको नको म्हणत होता. तिने डेमो थांबवला आणि स्पीकर लावला.

“आजोबा, उद्या या. वेळ रद्द नाही. चूक माझी झाली.”

“नक्की?”

“नक्की.”

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

“रद्द म्हटल्यावर मी पाणी तोंडाला लावलं नाही गं पोरी. आता एक घोट घेऊ का?”

घुमीने फोन पडद्यासमोर धरला. पडद्यावरून डॉक्टरच म्हणाले, “घ्या, आजोबा. घ्या.”