सेतूच्या घराचा रूट

आज सकाळी मी माझ्या धाकट्या भावाचं घर राउटरमधून काढून टाकलं.

काढायला दोन सेकंद लागले. हात पुढे करायला एक वर्ष.

सेतूला जाऊन आज वर्ष झालं.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: सेतू आमच्या डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्याचं नेटवर्क सांभाळायचा. मुख्य दवाखाना कुंभकोणम्‌मध्ये, चष्म्यांचं वर्कशॉप मेलकावेरीला, आणि चोळपुरमला एक छोटं तपासणी केंद्र. तिन्हीकडे एकेक जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स. तोच राउटर.

मी कॉन्व्हेंटमध्ये गणित शिकवून रिटायर झाले आणि त्याच दवाखान्यात पेशंटच्या नोंदी करायला बसले.

एका शनिवारी सेतू म्हणाला, "अक्का, हे शिकून घे."

"मला कशाला? तू आहेस की."

"असू दे. गणिताच्या टीचरला एवढं यायला पाहिजे."

मला वाटलं, आळशी झालाय.

मग दर शनिवारी दुपारी शिकवणी.

"हे तिन्ही राउटर एकमेकांना सतत सांगत असतात, माझ्याकडून कुठे कुठे जाता येतं. एक रस्ता बंद पडला की बाकीचे आपोआप दुसरा धरतात. ह्याला डायनॅमिक राउटिंग म्हणतात."

"आमच्या स्टाफरूमसारखं."

"स्टाफरूममध्ये खोटंही सांगतात. इथे चालत नाही."

त्याच सुमारास चोळपुरमला डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा आला. तो मागच्या खोलीत होता, आणि त्या खोलीतला नेटवर्कचा जुना डबा ह्या राउटरांच्या गप्पांत भाग घेत नव्हता. म्हणून चोळपुरमच्या राउटरमध्ये कॅमेऱ्याचा रूट, म्हणजे तिथे जायचा रस्ता, सेतूने माझ्याकडून हाताने घालून घेतला.

चोळपुरमला कॅमेरा दिसला. मी खूश.

कुंभकोणम्‌ला डॉक्टरांच्या स्क्रीनवर काहीच नाही.

"तू कर्नलला सांगितलंस, म्हणजे त्या एका मशीनच्या लिनक्सच्या गाभ्याला. शेजाऱ्यांना कोण सांगणार?"

"तेही मीच?"

"एक ओळ लिहायची. रीडिस्ट्रिब्यूट कर्नल. हाताने घातलेले रूटही बाकीच्यांना कळव, एवढाच अर्थ. पण सगळे कळवायचे नाहीत. आधी फिल्टर, त्यात हवे तेवढेच. फिल्टरशिवाय ती ओळ लिहू नकोस."

"समजलं रे."

"समजलं नाही. तू वहीत लिहिलं नाहीस."

सोमवारी तो रजेवर होता. "तंजावरला काम आहे," एवढंच म्हणाला.

डॉक्टरांना फोटो हवे होते. मी ती एक ओळ लिहिली. फिल्टर न लिहिता.

चोळपुरमला एक मोबाइल डोंगल होतं, लाइन गेलीच तर वापरायला. त्याचाही रूट तिथे हाताने घातलेला होता: बाकीचं सगळं जग इकडून. माझ्या ओळीने तोही सगळ्यांना कळवला. तिन्ही जागांचं इंटरनेट त्या बोटभर डोंगलमधून जायला लागलं, म्हणजे अडकलं. बाहेर पेशंटची रांग, आत एकही नोंद होईना.

मी फोन केला. "सेतू, मी काहीतरी करून ठेवलंय."

तो ऐकत होता. त्याच्या मागे लाउडस्पीकरवर कुणीतरी तमिळमध्ये नाव पुकारलं. सेतुराम राव, कीमो वॉर्डमध्ये या.

"कोठे आहेस तूं?"

घाबरले की माझ्या तोंडून आमची घरची जुनी तंजावरी मराठी येते. पुण्याच्या मैत्रिणी हसतात तिला. सेतू हसला नाही.

"अक्का, आधी फिल्टर. मग भांड."

त्याने सांगितलं, मी टाइप केलं. फक्त कॅमेरा कळव, बाकी काही नको. इंटरनेट परत आलं. रांग पुढे सरकली. मी फोन धरूनच होते.

"कधीपासून?"

"पोंगलपासून."

"आणि मला कोण सांगणार होतं?"

"सांगितलं असतं तर तू शिकली नसतीस. रडत बसली असतीस."

खरं होतं. तरी राग आहे मला. त्या शनिवारांत मी त्याला एकदाही विचारलं नाही, बरा आहेस ना. उलट वजन उतरलं म्हणून कौतुक केलं होतं.

पुढचे काही महिने तो मेलकावेरीच्या घरून, अंथरुणातूनच काम करायचा. त्यासाठी कुंभकोणम्‌च्या राउटरमध्ये त्याने स्वतःच्या घराचा एक रूट हाताने घातला आणि फिल्टरमध्ये बसवला. चोळपुरमहून तक्रार आली की मी खुर्चीवरून उठेपर्यंत ह्याचं उत्तर गेलेलं असायचं.

तो गेल्यावर चेन्नईहून नवा इंजिनिअर आला. फाइल उघडली आणि थांबला. "मॅडम, ही कोणती लँग्वेज?"

सेतूच्या टिपा होत्या. अक्षरं इंग्रजी, भाषा आमच्या घरची.

मी वाचून दाखवल्या. कॅमेऱ्यापाशी: "हा काढला तर डॉक्टर ओरडतील." डोंगलपाशी: "हा कोणास कळवूं नये. कां, तें अक्कास विचारा."

तो हसला. मीही हसले.

तिसरी टीप मी वाचली नाही. नुसतं म्हटलं, "हा राहू दे."

तिसरी अशी होती: "हें माझें घर. मी गेलों की काढ, अक्का."

वर्षभर त्या पत्त्यावर बंद कॉम्प्युटर होता. तिन्ही राउटर तरी रोज एकमेकांना सांगत होते, सेतूच्या घरी जायचं तर असं जा.

आज काढला. चोळपुरमला, मेलकावेरीला वेगळं कळवावं लागलं नाही. इथे रूट गेला, त्यांनीही सोडला. मी दोन्हीकडे उघडून पाहिलं. नव्हता.

फिल्टरमधली ओळही काढली. टीप ठेवली आहे.

आमच्या घरात निघणाऱ्याला कुणी "जा" म्हणत नाही. शेवटच्या दिवशीही मी म्हटलं नव्हतं. आजही नाही.

सेतू, जाऊन ये.