निर्वात पोकळी, एक गुण

हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यात एक खोटं दरवर्षी न चुकता शिकवलं. ग्रहांच्या मध्ये काय असतं? निर्वात पोकळी. एक गुण. तिथं सूर्याचा वारा, म्हणजे सूर्यातून सुटलेल्या कणांचा झोत, वाहतो, वादळं उठतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण परीक्षेत गुण जातील म्हणून पोरांकडून तेच घोकून घेतलं. मोठा आलोय शिक्षक!

दोन वर्षांपूर्वी आमच्या मांडवगणजवळच्या जुन्या मिशनच्या दफनभूमीची मोजणी निघाली. आईची कबर अगदी कडेला, शेजारच्या शेताला लागून. तिच्या बाजूला एका माणसापुरती जागा होती. माझ्या वडिलांनी, नव्वदीतल्या आप्पांनी, ती स्वतःसाठी राखली होती. पावसाळ्यात तिथलं गवत ते स्वतः उपटायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत.

मोजणीच्या सकाळीच मोबाइलवर वाचलं होतं, सूर्यावर वादळ झालंय, त्याचा तडाखा पृथ्वीला बसतोय, उपग्रहांवर चालणारी यंत्रं चुकू शकतात. मोजणीदाराचं काठीवरचं यंत्र उपग्रहांवरच चालणारं. त्यावरचा आकडा काही केल्या स्थिर होईना. हा मोजणीदार माझाच जुना विद्यार्थी. आल्या आल्या पाया पडला होता.

"आज राहू दे," मी म्हटलं. "सूर्यावर वादळ उठलंय."

शेतमालक खो खो हसला. "मास्तर, ऊन लागलं का काय तुम्हाला? झाडाचं पान हालंना, आन् वादळ कुठलं!"

मोजणीदारही हसला, पण आदरानं. "सर, वर तर पोकळी असती. तुम्हीच शिकवलंय. मी वारा लिव्हला व्हता, तवा तुम्ही माझा गुण कापला व्हता."

कापला होता. लाल शाईनं. मला भयंकर लाज वाटली आणि त्या लाजेपायी मी तोंड मिटून घेतलं. थोड्या वेळानं आकडा ठरला. खुणेचा दगड आईच्या कबरीला खेटून रोवला गेला, आप्पांची जागा शेतात गेली. आणि मोजणीच्या कागदावर पंच म्हणून सही कुणाची, तर माझी.

आप्पा तिथंच होते, पण ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुला म्हाईत व्हतं ना रं? मंग पुन्यांदा का न्हाई बोललास?"

मी फेरमोजणीचा अर्ज केला. तोवर शेजाऱ्यानं तिथं ऊस लावला. तारीख पडायच्या आधी आप्पा गेले. त्यांना फाटकाजवळ पुरलं, आईपासून पार दुसऱ्या टोकाला.

महिन्याभरानं फेरमोजणी झाली. त्या दिवशी वर सगळं शांत होतं. दगड चांगला दोन हात सरकला, जागा परत मिळाली.

आता तिथलं गवत मी उपटतो.