चवथीच्या आदल्या दिवशी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोला ठाऊक आहे, ती तेव्हा माझ्यासोबतच होती. पण आम्ही दोघंही तो विषय काढत नाही. आता लपवायचाही कंटाळा आलाय.

मी मुरगाव बंदरात कारकून. घर कारापूरला, तिथं थोरला भाऊ – दादा – आणि वहिनी. ऑफिसनं एकदा कामासाठी मुंबईला धाडलं आणि कधी नव्हे ते फोर्टातल्या जुन्या, नामांकित हॉटेलात उतरवलं. बायकोलाही नेलं. काय सांगू! संगमरवरी जिना, झुंबरं, दाराशी सलाम ठोकणारा फेटेवाला. आमच्यासारख्यांना सलाम कोण करतो हो?

काम लवकर आटपलं. साहेब स्वतःच म्हणाले, जा, चवथ आहे तुमची. पण खोली आणखी एक दिवस आमचीच होती – आणि मला ती सोडवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन. "पोचतोस मरे? माटोळी बांधायची आहे."

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळं बांधायची. आमच्याकडे ते दोघा भावांचं काम – एक स्टुलावर, दुसरा खाली स्टूल धरून. मी म्हणालो, काम संपलं नाही, साहेब सोडत नाहीत. किती सहज आलं तोंडात! आणि मग आम्ही न्याहारीला खाली गेलो. फुकटाचं कुणाला सुटतं?

वहिनी नेवऱ्या तळण्यात अडकलेली. दादा एकटाच चढला. दुपारी पडला. कमरेचं हाड मोडलं. वहिनीला त्यानं बजावलं – धाकट्याला कळवू नको, परक्या गावात त्याचा जीव खाली-वर होईल. आणि मी? मी टबातल्या गरम पाण्यात लोळत होतो. लाज वाटते हो. तेव्हा नव्हती वाटली.

आता दादा काठीशिवाय चालत नाही. माटोळी मीच बांधतो. तो खाली खुर्चीत बसून एकेक फळ वर देतो, आणि दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो – आमच्या धाकट्याचा काही दोष नाही, त्या मेल्या साहेबानं सोडलं नाही त्याला. दरवर्षी सांगतो.

आणि दरवर्षी मी म्हणतो – हो.