पदराच्या टोकाचा पिवळा दोरा

पुष्पलता हेडाऊ यांच्याशी माझी ओळख भांडणातून झाली आणि त्या भांडणात चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी करावी लागणार नाही.

मी मयुरी. आठवड्याचे पाच दिवस मिहानमधल्या एका कंपनीत संगणकासमोर बसते आणि शनिवार-रविवार नाईक तलावाच्या अलीकडच्या आमच्या वस्तीत फिरते. माझ्या लहानपणी या वस्तीत घरोघरी हातमाग होते. आमच्या गल्लीत आता एकही उरला नाही. ज्यांनी ते चालवले ती माणसं मात्र अजून भेटतात, म्हणून आम्ही चौघांनी एक वेबसाइट काढली. जुने फोटो गोळा करायचे, माणसांना बोलतं करून त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, आणि शेवटी प्रत्येक विणकराच्या दारावर एक पाटी लावायची. पाटीवर नाव आणि क्यूआर कोड. रस्त्याने जाणाऱ्याने मोबाइल धरला की त्या घराची गोष्ट ऐकू यावी, अशी कल्पना होती.

एका शनिवारी मी चौऱ्याऐंशी सालचा एक सुंदर फोटो साइटवर टाकला. मागावर बसलेला एक माणूस आणि शेजारी चरख्यावर कांड्या भरणारी बाई. कांडी म्हणजे आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यात घालायची सुताची गुंडाळी. खाली मी ओळ लिहिली : विणकर देवराव निखारे, शेजारी पत्नी (नाव अज्ञात).

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात एक बाई उभी होती. साठीची, ठेंगणी, गळ्यात शिंप्याची टेप.

"मयुरी कोण वं तुमच्यातली?"

मी म्हटलं, मीच.

"हा फोटो तू टाकला? ते बाई माझी माय आहे. जित्ती आहे. तुझ्या घरापासून तीन घरं सोडून राह्यते. नाव अज्ञात काहून लिहिलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या रुखमाआजींच्या दारावरून मी रोज स्कूटी नेत होते, त्यांना मी अज्ञात करून टाकलं होतं. मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर नाव दुरुस्त केलं आणि माफी मागितली. वाटलं, विषय संपला. पण पुष्पाकाकू हलल्या नाहीत.

"नाव झालं. आता ते विणकर शब्दाचं पाह्य. बाबाले तवा दिसतच नोहोतं. अठ्ठ्याहत्तरमध्ये त्याची नजर गेली. तवापासून शहाण्णवपर्यंत माग मायनं चालवला. फोटोवाला आला म्हणून बाबाले बसवलं. विणकर माझी माय आहे."

आता इथे माझा नियम आडवा आला. नियम मीच केला होता. सुरुवातीला एकाच आजोबांच्या फोटोवर दोन घरांनी हक्क सांगितला होता आणि दोघांनी शपथेवर एकमेकांना खोटं पाडलं होतं. तेव्हापासून ठरलं की घरच्या माणसाचा शब्द पुरावा म्हणून धरायचा नाही. बाहेरचा साक्षीदार हवा. शिवाय विणकर सोसायटीत आलेलं कापड तपासून ज्या वहीत नोंद व्हायची, ती वही तेव्हाचे तपासनीस ईश्वरदास मास्तर यांच्याकडे शाबूत होती. तिच्यात शहाण्णवपर्यंत एकच नाव होतं, देवराव निखारे. मी हे सगळं मोठ्या शहाणपणाने काकूंना ऐकवलं.

त्यांनी शांतपणे विचारलं, "पाट्या कधी लावता?"

"तीन आठवड्यांनी."

"मग तीन आठवड्यांत माझ्या मायच्या दारावर विणकर म्हणून तिचं नाव लागलं पाहिजे. ती शहाऐंशी वर्षांची आहे. मेल्यावर लावून काय करता?"

एवढं बोलून त्या गेल्या नाहीत. आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही रेकॉर्ड केलेलं दाखवा.

पुष्पाकाकूंचं आयुष्य दोन ओळींत सांगता येतं. त्या स्वतः ते एकाच ओळीत सांगतात. सातवीपर्यंत शाळा, दहाव्या वर्षापासून कांड्या भरणं, मग लग्न. नवरा कळमन्याच्या बाजारात तोलणीच्या कामावर. माग बंद पडले तेव्हा त्यांनी शिलाई मशीन घेतली, दारावर फॉल-पिकोची पाटी लावली आणि त्यावर दोन मुलींची शिक्षणं केली. गिऱ्हाइकांना फॉलचे रंग दाखवता यावेत म्हणून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी स्मार्टफोन शिकल्या. इतिहास हा शब्द त्यांच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही.

माझ्या मुलाखती त्यांनी दहा मिनिटं पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं. खरं तर त्या मलाही आवडत नव्हत्या. मोबाइल समोर धरला की आमच्या वस्तीतली बोलकी माणसं छाती काढून भाषण करत. "हातमाग हा आमचा प्राण होता" यापुढे कुणी जात नव्हतं.

"हात रिकामे ठेवले तुमी याईचे," काकू म्हणाल्या. "हात रिकामा असला का माणूस विचार करून बोलते. आमच्याकडे सारं बोलणं कांड्या भरता भरताच होये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून जुना चरखा काढला आणि दहा रुपयांचं तेल पाजलं. मग त्या घरोघरी निघाल्या. माणसासमोर चरखा ठेवायचा, हातात सुताची लड द्यायची, मोबाइल बाजूला पिंपावर टेकवायचा आणि तो विसरून जायचा. चरख्याची कर्रकर्र रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून मी कुरकुर केली. आठवडाभरात जे बोलणं जमलं, तसं मला वर्षभरात मिळालं नव्हतं. कुणाच्या मागाखालच्या खड्ड्यात साप निघाला होता, कोणत्या घरातली सासू सुनेच्या कांड्या मोजायची, बंद पडलेला माग विकताना कोण रडलं होतं. लोक बोलत सुटले. कर्रकर्र मी तशीच ठेवली.

मग काकूंनी आपल्या आईकडे चरखा नेला. मीही सोबत होते. कुलरसमोर पाय पसरून रुखमाआजी बसल्या होत्या. सूत हातात येताच त्यांची बोटं चालू लागली, नजर भिंतीवर.

"माय, तू विणलेलं आता कोणाले ओळखू येईन का वं?" काकूंनी विचारलं.

"काहून नाही येणार? मी दोरा टाकत होती ना."

"कोणता दोरा?"

आजींनी सांगितलं ते असं. साडी पूर्ण झाली की पदराच्या टोकाला प्रत्येक विणकर आपली खूण विणायचा. देवरावांची खूण तीन लाल दोरे. त्यांची नजर गेल्यावर आजी मागावर बसल्या, तेव्हा सगळ्यांनी बजावलं की खूण तीच ठेव, कुणाला कळता कामा नये. पहिली साडी संपली तेव्हा त्यांनी दोन लाल दोरे टाकले आणि तिसरा हळदीत बुडवलेला पिवळा टाकला.

"असं काहून केलं?"

"सोसायटीले खोटं सांगणं भाग होतं. कापडाले कसं सांगू?"

चरखा चालूच होता. पुष्पाकाकू मात्र एकदम उठून अंगणात गेल्या. मी मागे गेले तर त्या रडत होत्या, आणि रडताना स्वतःवरच चिडल्या होत्या. गेली वीस वर्षं वस्तीतल्या बाया पदर उसवलेल्या जुन्या सुती साड्या त्यांच्याकडे आणत होत्या. टोक व्यवस्थित दिसावं म्हणून काकू ते आत दुमडून वरून पिको मारत. पिवळे दोरे त्यांनी पाहिले होते. डाग असेल, नाही तर सूत कमी पडलं असेल, असं समजून आपल्याच आईची खूण त्यांनी स्वतःच्या हाताने किती साड्यांत शिवून टाकली होती, याचा पत्ता नव्हता.

त्या दुपारीच त्यांनी वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाज टाकला. "बायांनो, ट्रंका उघडा. जुन्या साडीच्या पदराचं टोक पाहा. मी पिको केलं असन तर बिनधास्त उसवा, मी पुन्हा फुकट करून देते. दोन लाल अन् एक पिवळा दोरा दिसला का फोटो पाठवा."

पहिला फोटो यायला तासही लागला नाही. मग उमरेडला दिलेल्या लेकीकडून आला, कन्हानच्या मावशीकडून आला. बायांनी रुखवतातल्या साड्या काढल्या, गोधडीत गेलेल्या साड्यांची टोकंसुद्धा शोधली. एकीने तर अख्खी गोधडी उसवली. एका आठवड्यात एकेचाळीस साड्यांचे फोटो जमले आणि प्रत्येक टोकावर तो हळदीचा दोरा होता. मी ते सगळे एका पानावर लावले तेव्हा माझा नियम मलाच नकोसा झाला. तरी एक भोक उरत होतं. पिवळा दोरा रुखमाआजींचाच, हे बाहेरच्या कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगू शकणारा माणूस एकच होता, वहीवाले ईश्वरदास मास्तर. मी त्यांच्याकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "वहीत आहे तेच खरं."

पाट्या लावण्याच्या आदल्या रविवारी समाजभवनात आम्ही खुल्या गप्पा ठेवल्या. सकाळी दहालाच हॉल भरला. बाहेरगावचे लोक ऑनलाइन पाहत होते. पडद्यावर तो चौऱ्याऐंशीचा फोटो. ब्याऐंशी वर्षांचे मास्तर पहिल्या रांगेत, मांडीवर कापडात बांधलेली वही. रुखमाआजी दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत.

मी मास्तरांना माइकवरून रीतसर प्रश्न विचारला आणि त्यांनी रीतसर तेच उत्तर दिलं. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. माझा धीर सुटला होता, कारण पाट्या छापायला त्याच संध्याकाळी द्यायच्या होत्या.

तेव्हा पुष्पाकाकू उठल्या. त्यांनी एक टेबल मास्तरांसमोर सरकवलं, त्यावर घडी केलेली एक साडी ठेवली, पदराचं टोक आत. मग टेबलाच्या डावीकडे हात जोडून उभ्या राहिल्या. सोसायटीत कापड घेऊन आलेला विणकर तसाच उभा राहायचा, हे हॉलमधल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं.

"तपासा काकाजी."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. वही खाली ठेवली. एका हाताने घडी धरली, दुसऱ्या हाताची बोटं काठावरून हळूहळू फिरवली. कापड उजेडाकडे धरलं. काठ दोनदा ओढून पाहिला. टोक त्यांनी उघडलंच नाही.

"चोख आहे," ते म्हणाले. "रुखमाचा हात आहे."

आपण काय बोललो ते मास्तरांना दोन क्षणांनी कळलं. त्यांनी घडी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर तळहात ठेवला.

"वहीत बाबाचं नाव काहून लिहिलं मंग?" काकूंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"सभासद तो होता पोरी. सभासदालेच सूत भेटे. मी रुखमाचं नाव लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुमचा माग बंद पडला असता. म्हणून देवराव लिहिलं. अठरा वर्षं लिहिलं. मंग खोटं लिहिलं म्हणून सांगाची लाज वाटे." त्यांनी आजींच्या दिशेने पाहिलं. "पिवळा दोरा मले पहिल्याच साडीत दिसला होता."

रुखमाआजी खुर्चीत पुढे सरकल्या. "दिसला होता तुमाले?"

"हौ."

"मंग कधी बोलले काहून नाही? मले वाटे, कोणाले दिसतच नाही."

मास्तरांनी वही उघडली, खिशातलं पेन काढलं आणि अठ्ठ्याहत्तर सालच्या पानावर देवरावांच्या नावापुढे लिहिलं : विणणार रुखमाबाई. खाली सही केली. मी संगणकाकडे धावले. सगळ्या हॉलदेखत पडद्यावरची जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली : विणकर रुखमाबाई निखारे, माग चालवला १९७८ ते १९९६. शेजारी मागावर बसलेले त्यांचे पती देवराव. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. ऑनलाइन बसलेल्यांनी टाकलेल्या हारांच्या इमोजींनी अर्धा पडदा झाकून टाकला. मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला, तेवढा कंपनीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

आजींना वाचता येत नाही. त्यांनी लेकीची बाही ओढली. "काय लिहिलं?"

काकूंनी वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच."

काकूंनी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा अर्ध्या हॉलने त्यांच्यासोबत वाचलं.

आमच्या नियमात आता पुराव्यांच्या यादीत मी कापड हा शब्द वाढवला आहे. उसवलेली टोकं काकू कबूल केल्याप्रमाणे फुकट शिवून देत आहेत, फक्त आता पिको पिवळ्या दोऱ्याच्या बाहेरून मारतात. आणि तीन घरं सोडून त्या दारावर पाटी लागली आहे. कोडवर मोबाइल धरला की आधी चरख्याची कर्रकर्र ऐकू येते, मग आजींचा आवाज. एकूण नऊ मिनिटं.

संध्याकाळी आजी पाटीखालीच बसलेल्या असतात. परवा दोन कॉलेजच्या मुली तिथे उभ्या राहून ऐकत होत्या. अर्ध्यावर एकीने मोबाइल बंद करून खिशात टाकला. आजींनी तिला तिथल्या तिथे थांबवलं.

"पुरं ऐक वं. चाळीस वर्षं चूप बसली मी. तुले नऊ मिनिटं उभं राहाले काय होते?"