अप्पांची छत्री आणि रेवतीचं रॉक

टूर संपवून घरी सामान उघडलं की दोन गोष्टी हमखास जास्तीच्या निघतात. एक म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी केबल, आणि दुसरी म्हणजे किस्से. केबल मी फोन करून परत करतो. किस्से साठत जातात आणि तुमच्यासारखे चार मित्र भेटले की बाहेर पडतात. रेवतीच्या टूरचे तर इतके साठलेत की विचारू नका! आज फक्त तंजावरचे सांगतो.

रेवती म्हणजे आमची गायिका. तंजावरच्या मराठी घरातली मुलगी. तिची गोड गोड प्रेमगीतं तमिळनाडूत लग्नांत, रिक्षांत, रिंगटोनवर, सगळीकडे वाजतात. आणि या बाईने एक दिवस मला सांगितलं, "सुहासअण्णा, या टूरला रॉक करायचं. डिस्टॉर्शन गिटार, मोठे ड्रम्स, सगळं खरंखुरं."

मी मूळचा सांगलीचा, चेन्नईत राहून साउंड इंजिनिअर झालेला. तिच्या गाण्यांत बासरीसुद्धा जपून वाजते हे मला माहीत. मी म्हटलं, "लोक उठून जातील गं!"

ती म्हणाली, "लोकांचं बघता येईल. अप्पा उठून गेले तर?"

* * *

अप्पा म्हणजे रेवतीचे वडील. बँकेतून रिटायर झालेले, गाण्याचे जबरदस्त शौकीन. रेवतीला पहिला सा त्यांनीच शिकवला. तिकडे गाण्याच्या मैफलीला कचेरी म्हणतात. कचेरी असली की अप्पा पहिल्या रांगेत, मांडीवर आडवी काळी छत्री. गाणं पटलं तर शेवटपर्यंत बसणार. नाही पटलं तर छत्री उचलून सरळ चालू पडणार! मोठमोठ्या विद्वानांना त्यांनी पाठ दाखवली आहे. अप्पांनी छत्री उचलली की कचेरी पडली, असं त्यांच्या गल्लीत सरळसरळ मानतात.

एकदा तर सख्ख्या मेव्हण्याच्या कचेरीतून उठले, तेही पहिलंच गाणं चालू असताना. मेव्हणा इतका रागावला की वर्षभर घरी फिरकला नाही. मी विचारलं, "अप्पा, वाईट नाही वाटलं?"

अप्पांची मराठी आपल्या खापरपणजोबांच्या काळातली, आणि बोलण्याची चाल तमिळ. म्हणाले, "आला नाही तें बरें झालें रे. आला असता तर गायिला असता!"

रेवतीच्या शोला मात्र ते आजवर आले नव्हते. तिच्या कार्यक्रमाला ते कचेरी म्हणायचेच नाहीत. "तुझा तो शो" म्हणायचे. बोलावलं तर येतील, पण छत्री घेऊन येतील, या भीतीने तिनेही कधी बोलावलं नव्हतं. या टूरचे शेवटचे दोन शो तंजावरला होते, शनिवारी आणि रविवारी. या वेळी तिने बोलावलं. बोलावून आली आणि माझ्यासमोर बसून ढसाढसा रडली.

* * *

जोएल आमचा ड्रमर, गोव्याचा. शोआधीच्या तालमीचा हॉल तंजावरजवळ तिरुवैयारूला होता आणि पहिल्या दिवशी त्याला बसने घेऊन जायचं काम अप्पांनी अंगावर घेतलं. स्टँडवर बस थांबायच्या आधीच अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत टाकला. दोघे चढून पाहतात तर गाडी खच्चून भरलेली, माणसं दांड्याला लोंबकळतायत, आणि टॉवेलवाली सीट मोकळी!

जोएल चाटच पडला. "कोणी बसलं कसं नाही?"

"टॉवेल आहे नव्हे? मग मीच बसलों आहें."

दुसऱ्या दिवशी जोएल एकटा निघाला. टॉवेल नव्हता, म्हणून पठ्ठ्याने ड्रमस्टिक्स टाकल्या. आत जाऊन बघतो तर त्याच्या सीटवर एक जाडजूड बाई, काड्या हातात धरून विचारतायत, "या टिपऱ्या कुणाच्या?" सगळा रस्ता उभ्याने!

अप्पांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "काडी कोण ओळखणार? रोज अंगावर असतें तें टाकावें. लोकांस कळलें पाहिजे कोण बसणार तें."

* * *

मुरली गिटारवाला. त्याची राहायची सोय रेवतीच्याच घरी. एका सकाळी मी तिथे असताना त्याने अॅम्प लावला, डिस्टॉर्शन चढवून आवाज पार फाडला आणि प्रॅक्टिस सुरू केली. अप्पा देवपूजेत होते. दोन मिनिटं ऐकलं, उठले आणि बाहेर गेले. रेवतीचा चेहरा पांढराफटक. घरातूनच उठून गेले!

थोड्या वेळाने परत आले ते इलेक्ट्रिशियनला घेऊन. गल्लीतल्या बायकांचे मिक्सर दुरुस्त करणारा माणूस. अप्पांनी अॅम्पकडे बोट दाखवलं, "बिचाऱ्याचें यंत्र बिघडलें आहे. पाहुणा आहे, लाजून सांगत नाही."

मुरलीला मराठी येत नाही. तो नुसता हसतोय. त्या माणसाने अॅम्प उघडला, टेस्टर लावला, परत बंद केला आणि तमिळमध्ये जाहीर केलं, "सगळं ठीक आहे सार. आवाजच असा आहे."

अप्पांनी अॅम्पभोवती एक चक्कर मारली. मग मला हळूच म्हणाले, "नीट यंत्रातून असा आवाज काढायास फार शिकावें लागत असेल नव्हे?"

टिंगल होती की कौतुक, ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

तालमीचा हॉल म्हणजे एक मंगल कार्यालय होतं. एका हॉलमध्ये आम्ही आणि समोरच्या हॉलमध्ये कुणाचं तरी लग्न. मधली दारं उकाड्यामुळे सताड उघडी.

आता तिकडची पद्धत अशी की मंगळसूत्र बांधायच्या क्षणी एखादा वडीलधारा वाजंत्रीवाल्यांकडे बघून बोट जोरात हलवतो. लगेच सनईसारखं नादस्वरम आणि ढोलासारखं ते तविल, दोन्ही टिपेला जातात, म्हणजे कुठलाही अशुभ शब्द कुणाच्या कानावर पडू नये. हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं. जोएलला नव्हतं.

आमचं गाणं सुरू व्हायचं होतं. जोएल काड्या उगारून माझ्या खुणेची वाट बघत होता. समोरून एका आजोबांनी त्याच्या दिशेला बोट हलवलं. जोएलला वाटलं, चला! आणि जे हाणलंय! त्याच्या मागोमाग मुरली, मुरलीच्या मागोमाग रेवती. तिकडे नादस्वरम, इकडे फुल व्हॉल्यूम रॉक, आणि मधे मंगळसूत्र!

म्हटलं, आता मार खायचा. तेवढ्यात नवरीचे वडील हॉलमध्ये आले ते पायसमचं, म्हणजे खिरीचं, भांडं घेऊन! "माझ्या मुलीच्या लग्नात तर आता शिंकसुद्धा कुणाला ऐकू गेली नसेल," म्हणाले.

तविलवालाही डोकावून गेला. आमच्या स्पीकरांकडे बघून म्हणाला, "एवढंच? यापेक्षा माझा धाकटा भाऊ जास्त वाजवतो."

रॉक फार कर्कश होईल म्हणून आम्ही मुंबई-बंगळूरमध्ये किती चर्चा केल्या होत्या! तंजावरने तो प्रश्न पायसम खाता खाता निकालात काढला.

* * *

शनिवारी शो. कॉलेजचं मैदान, प्लास्टिकच्या खुर्च्या, खच्चून गर्दी. पहिल्या रांगेत अप्पा आणि मांडीवर छत्री. रेवतीने स्टेजवर येताना आधी छत्रीकडे बघितलं. मीही बघितलं. खरं सांगतो, त्या दिवशी मी मीटर कमी आणि छत्री जास्त बघत होतो.

एका गाण्यात मधेच सात मात्रांचा तुकडा आहे. बाकी शहरांत पब्लिक तिथे टाळ्या वाजवता वाजवता हमखास हरवायचं. तंजावरला मी समोर बघतो तर शेकडो हात मांडीवर सात मोजतायत! बायका, कॉलेजची पोरं, पोलीससुद्धा. मुरली त्या जागी अर्धी मात्रा उशिरा आला, तर अख्ख्या पहिल्या रांगेने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बिचारा गाणं संपेपर्यंत कुणाच्या नजरेला नजर देईना.

* * *

मग आला जोएलचा सोलो. बाकी शहरांत या वेळी लोक खुर्च्यांवर चढायचे. इथे जोएलने पहिला रोल काढला आणि निम्मं मैदान उठून चालायला लागलं!

जोएलचा चेहरा बघवेना. त्याला कोण सांगणार की तालवाद्याचा एकल भाग सुरू झाला की कॉफी प्यायला जायचं, ही कचेरीची जुनी रीत आहे. त्यात अपमान नाही. मृदंगाचे मोठमोठे विद्वानसुद्धा रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवतात.

अप्पा मात्र या रीतीवर कायमचे खवळलेले. "कॉफी घरीं मिळत नाही?" म्हणतात. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी हात वर केला आणि जोएलला दिसेल असा ताल द्यायला लागले. जोएलने ते पाहिलं. त्याने बाकी सगळं मैदान सोडून दिलं आणि त्या एका हातासाठी वाजवलं. असा जोएल मी कधी ऐकला नव्हता! शेवटची तिहाई बरोबर अप्पांच्या टाळीवर पडली आणि कॉफीवाले पेले सांडत खुर्च्यांकडे धावत आले.

अप्पांनी मान डोलावली. एकदाच. पण मागे वळून त्या कॉफीवाल्यांकडे असं बघितलं, जणू ड्रमर त्यांचा स्वतःचा नातू असावा!

* * *

आता शेवटचं गाणं. संपलं, टाळ्या कडाडल्या, बँडने वाकून नमस्कार केला आणि सगळे आत आले. दुसऱ्या शहरांत यानंतर "वन्स मोर" म्हणून नुसता गोंधळ व्हायचा. इथे टाळ्या थांबल्या आणि शांतता. कोणी ओरडेना आणि कोणी उठेना. हजारो माणसं हाताची घडी घालून बसलेली!

मीही धावत स्टेजमागे गेलो. मुरली म्हणाला, "आवडलं नाही त्यांना." जोएल म्हणाला, "मग घरी तरी जा ना बाबांनो!"

रेवती पडद्याच्या फटीतून फक्त एका खुर्चीकडे बघत होती. अप्पा बसलेले. छत्री मांडीवर. आणि एकदम तिने तोंडावर हात घेतला.

"अय्यो! अण्णा, मंगलम राहिलं!"

कचेरी मंगलम गाऊन संपते. ते झाल्याशिवाय तिथे कोणी उठत नाही. आमच्या डोक्यात रॉक शो होता, पण समोरच्या लोकांनी आमची कचेरी करून टाकली होती!

ती तशीच बाहेर गेली. मुरलीने घाईघाईत विचारलं, "डिस्टॉर्शन काढू?" ती म्हणाली, "अजिबात नाही." मी माझ्या जागेवर पळालो. मुरलीने सा धरला, तोच खरखरीत, फाटका, इलेक्ट्रिशियनने पास केलेला सा. आणि त्याच्यावर रेवतीने अप्पा घरी दर शुक्रवारी दिवा लावून म्हणतात ते मराठी मंगलम लावलं. मोकळ्या गळ्याने. माझा हात व्हॉल्यूमवर होता. मी काही कमी केलं नाही. अख्खं मैदान उभं राहिलं. मला इतका अभिमान वाटला की मी कुणाचा कोण, हेही विसरलो.

मंगलम संपलं, लोक पांगले. रेवती स्टेजवरून उतरून पहिल्या रांगेकडे धावली. खुर्चीत अप्पा नव्हते. नुसती छत्री होती.

मीही तिथे पोचलो. फाटकाकडे पाहिलं तर अप्पा गर्दीतून रमतगमत बाहेर निघालेले. हात मोकळे हलवत. मी छत्रीला हात घालणार, तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, तिथूनच ओरडलो, "अप्पा! छत्री राहिली!"

अप्पा वळले. आधी लेकीकडे बघितलं, मग माझ्यावर खेकसले, "हात लावूं नको तिला! उद्यां कचेरी आहे नव्हे?"