मास्तरांचं एक वाक्य

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाकडे मरण झालं की मास्तर सगळ्यांच्या आधी पोचायचे, पण घरात जायचे नाहीत. बाहेर, चपला काढलेल्या असायच्या तिथे पायरीवर बसायचे. टँकर आला की हंडे भरून आत द्यायचे, शवपेटी सांगायला सायकलवर जायचे, दफनभूमीत खड्डा नीट झालाय का ते बघून यायचे. आत वडीलधारी मंडळी सांत्वनाचं बोलत असायची. मास्तर तोंड उघडायचे ते एवढंच विचारायला, "पाणी पुरंल का?" लातूरला नव्याने आलेल्या माणसांना ते चर्चचे वॉचमन वाटायचे.

याच मास्तरांना ऐकायला एकेकाळी लोक गाडी करून यायचे, हे त्या नव्या माणसांना सांगूनही पटलं नसतं. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. पाळकसाहेब गावाला गेले की रविवारचा उपदेश त्यांच्याकडे असायचा. श्रद्धा जागवायच्या उज्जीवन सभांसाठी उदगीर, बिलोली, उमरीपासून त्यांना बोलावणी यायची. शनिवारी संध्याकाळी ते आम्ही राहायचो त्या चर्चच्या कंपाउंडमधून येरझाऱ्या घालत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे, एखादा शब्द बदलायचे, परत म्हणून बघायचे. आम्हा रविवारच्या शब्बाथशाळेच्या मुलांना सांगायचे, "वाक्य कसं, तव्यावरून उतरलं की लगेच ताटात पडलं पाहिजे. थंड वाक्य कुणी खात न्हाई." स्वतःच्या चांगल्या वाक्यावर ते खूश व्हायचे आणि ती खुशी त्यांना लपवता यायची नाही.

भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होते. आमची घरं वाचली, पण घरात झोपायचं धाडस कुणालाच नव्हतं. सगळं कंपाउंड ताडपत्रीवर झोपायचं. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, ती तीन दिवस घरी आली नाही. पाळकसाहेब कपडे आणि धान्य घेऊन पडलेल्या गावांकडे गेले होते. त्यामुळे रविवार मास्तरांकडे आला. चर्चच्या दारावरच्या भिंतीला तडा गेला होता म्हणून बाक बाहेर काढून लिंबाखाली मांडले होते. नाताळलाही येत नव्हती एवढी माणसं त्या दिवशी आली होती.

मास्तर चांगलं बोलले. आम्ही सगळे भ्यालेलो होतो, त्या भीतीवर त्यांनी हात ठेवल्यासारखं वाटलं. मग ते थांबले, चष्मा काढला, आणि म्हणाले, "ज्या घरात रोज प्रार्थना होते, त्या घराच्या भिंती देव स्वतःच्या हातांनी धरून ठेवतो." सगळे जण एकदम आमेन म्हणाले. मीही म्हणाले.

शेवटच्या बाकावर आईच्या शेजारी एक बाई बसली होती. हाताला प्लास्टर, अंगावर कुणाचं तरी मोठ्या मापाचं पोलकं. आईनंच तिला वॉर्डातून दोन तासांसाठी आणलं होतं. ती औशाकडच्या एका खेड्यातली, तिथल्या दोन-तीन ख्रिस्ती घरांपैकी एका घरातली. ती उभी राहिली.

"मास्तर, आमच्या घरात रोज प्रार्थना व्हायची," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. पत्ता सांगावा तशी सांगत होती. "त्या राती बी झाली होती."

आणि ती परत बसली. उठून जायला तिला जागा नव्हती. तिचा नवरा आणि दोन लेकरं त्याच घराच्या दगडमातीखाली गेली होती. मास्तर चष्मा हातात धरून उभे राहिले. कुणीतरी मागून गीत सुरू केलं, ते दोन कडव्यांत विस्कटलं. मास्तरांनी उपदेश पुरा केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते वॉर्डात गेले. हे मला पुढे आईनं सांगितलं. शांताबाई, त्या बाईंचं नाव शांताबाई, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मास्तर म्हणाले, "बाई, माझं चुकलं." तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते आपल्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते समजावायला लागले. पाव तास बोलले. शेवटी आई म्हणाली, "मास्तर, पुरे करा आता. तुमच्यासाठी बोलायलेत तुम्ही, त्यांच्यासाठी न्हाई." मास्तर हातातली मोसंबी टेबलावर ठेवून निघून आले.

त्यानंतर ते उपदेशाला उभे राहिले नाहीत. पाळकसाहेबांनी खूप समजावलं, माणूस आहे, चूक होते. मास्तर म्हणाले, "चूक झाली ते कळतंय साहेब. पर ते वाक्य मला अजून चांगलं वाटायलंय. तीच भानगड हाय." मास्तरांनी सभांची बोलावणी घेणं बंद केलं. त्यांच्या घरातलं बोलणंही आटलं. त्यांच्या पत्नी, मास्तरीणबाई, आमच्या ओट्यावर येऊन आईला सांगायच्या, "भाजीत मीठ जास्त झालं तरी सांगत न्हाईत हो. पूर्वी कसे माझ्या भाजीवर चारोळ्या करायचे."

शांताबाई गावाकडे परत गेल्या नाहीत. तिकडे सरकारनं नवी घरं बांधून दिली, पण एकटीनं चार भिंतींत जाऊन काय करायचं, असं त्या म्हणाल्याचं आई सांगायची. कंपाउंडच्या मागच्या गल्लीत त्यांनी एक पत्र्याची खोली घेतली. तोवर लातुरात ट्यूशनचं पेव फुटलं होतं. नांदेड, परभणी, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून पोरं-पोरी येऊन एका एका खोलीत चार-चार राहायची. गल्लीगल्लीत मार्कांसकट फोटोंचे फलक लागले होते. त्या पोरांना जेवण लागायचं. शांताबाईंनी डबे सुरू केले. चर्चला त्या येत नव्हत्या. आईशिवाय कुणाशी बोलतही नव्हत्या.

मास्तर नुकतेच रिटायर झाले होते. एक दिवस ते शांताबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. "काही काम असंल तर सांगा," म्हणाले. शांताबाई पोळ्या लाटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. चौथ्या दिवशी शांताबाईंनी डब्यांची पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली. "वर खोल्यांचे नंबर लिहिलेत," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेव्हापासून मास्तर डबे पोचवायला लागले. पहाटेच जाऊन भाजी आणून द्यायची, ती निवडायची, मग हँडलला दोन्हीकडे पिशव्या लावून ट्यूशन एरियात फिरायचं, संध्याकाळी परत. रस्त्यात जुने विद्यार्थी भेटायचे, कुणी बँकेत, कुणी वकील. "सर, हे काय करायलाव?" म्हणून सायकल धरायचे. मास्तर म्हणायचे, "डबा हाय. गरम हाय. सरका." मास्तरीणबाईंना लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली. रविवारी उपासना संपली की मास्तर सगळ्यांशी हस्तांदोलन करायला न थांबता तसेच शांताबाईंकडे जायचे. दोघांत बोलणं असं नव्हतंच. भाजी कुठली, कुठल्या खोलीतला पोरगा गावाला गेलाय, बस. अशी काही वर्षं गेली.

मग माझी बारावी आली. आमचे पप्पा एसटीत कंडक्टर. तिकीट फाडता फाडतासुद्धा ओळखीच्या माणसाला सांगायचे, "आमची सुवार्ता डॉक्टर होणार." मंडळीत तर सगळ्यांनीच मला आधीच डॉक्टरीणबाई करून टाकलं होतं. मी पहाटे पाचला उठून खिडकीशी बसायचे, आधी प्रार्थना करायचे, मग पुस्तक उघडायचे. मोठ्यानं प्रार्थना करायची सवय मला लहानपणापासूनची. शब्द ठरलेलेच असायचे. खिडकीबाहेरून एक सायकल जायची, तिची चेन वाजायची. मी कधी डोळे उघडून बघितलं नाही.

मेडिकलच्या सीईटीत मला कमी मार्क पडले. थोडे नाही, चांगलेच कमी. पप्पा निकालाचा कागद घेऊन ओट्यावर बसले, मग तो घडी करून खिशात घातला आणि ड्यूटीवर गेले. मला रडू आलं नाही. जेवावंसंही वाटायचं नाही आणि न जेवल्याचंही काही वाटायचं नाही. आई केसांना तेल लावायची, ते कुणा दुसऱ्याच्या डोक्याला लावतेय असं वाटायचं.

जुलैत उपकारस्तुतीची उपासना होती. पास झालेल्या मुलांना देवानं काय केलं त्याची साक्ष द्यायला उभं केलं. एक मुलगा म्हणाला, "मी रोज पहाटे प्रार्थना केली आणि देवानं मला मेडिकलला नंबर दिला." मुलगा चांगला होता, माझ्याच क्लासमधला. मग मंडळीचे सेक्रेटरी उठले. म्हणाले, "बघा, जे मनापासून मागतात त्यांना देव रिकाम्या हातानं पाठवत नाही." आजूबाजूच्या दोघी-तिघींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पप्पा मांडीवरच्या हातांकडे बघत होते. समोरच्या बाकाच्या पाठीवर कुणीतरी कर्कटकानं नाव कोरलं होतं, मी ते वाचत होते. पहिलं अक्षर नीट, पुढची घाईत.

"सेक्रेटरीसाहेब." दाराजवळून आवाज आला. मास्तर उभे होते. इतक्या वर्षांत त्यांनी चर्चमध्ये तोंड उघडलं नव्हतं. "सुवार्तानं बी प्रार्थना केली होती. मी रोज पहाटे तिच्या खिडकीवरून भाजीला जातो. वर्षभर ऐकलंय मी. एक दिवस बी चुकली न्हाई."

सेक्रेटरी गोंधळले. "मास्तर, तिनं केली न्हाई असं मी कुठं म्हणलो?"

"तसं न्हाई म्हणलात तुम्ही," मास्तर म्हणाले. "लिंबाखाली त्या रविवारी मी बी म्हणलो नव्हतो." आणि बसले.

वाक्य काही घोटून केलेलं नव्हतं, त्यांचा आवाजही घोगरा झाला होता. उपासना पुढे चालू झाली, दान गोळा झालं, आशीर्वाद झाला. मला एकदम बरं वाटलं असं नाही. पण बाहेर पडताना पप्पा कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलले. "भूक लागली का ग?" म्हणाले. मी हो म्हणाले, आणि खरंच लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आमच्या दारात आले. "सुवार्ता, डबे भरायला एक हात कमी पडायलाय. चल." मी गेले. आदल्या दिवशीचं सगळं आईनं शांताबाईंना सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. मी पोळ्या मोजत होते. मास्तर डब्यांना नंबरच्या चिठ्ठ्या लावत होते. शांताबाई वरण घालत होत्या. डोकं वर न करता त्या म्हणाल्या, "थोरला दानिएल. धाकटी रूथ. तिला अजून चालता येत नव्हतं."

आधी मला कळलंच नाही त्या कुणाबद्दल बोलतायत. मास्तरांना कळलं. त्यांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. आता हे काहीतरी बोलतील, समजूत घालतील, असं मला वाटलं. ते फक्त शाळेत हजेरी घ्यावी तसं हळू म्हणाले, "दानिएल. रूथ." शांताबाईंनी मान हलवली आणि पुढचा डबा ओढला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, दानिएलला गूळ फार आवडायचा. मास्तर ऐकत राहिले. डबे त्या दिवशी पाऊण तास उशिरा गेले.

मी नांदेडला नर्सिंगला प्रवेश घेतला. बसस्टँडवर सोडायला पप्पांसोबत मास्तरही आले होते. बस लागल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "तिथं लोकं विचारतील, आमच्याच वाट्याला का, म्हणून. तुला माहीत नसणार. माहीत न्हाई म्हण. पर मग निघून जाऊ नको." वॉर्डात इतकी वर्षं झाली, मला अजूनही दुसरं काही उत्तर सापडलेलं नाही. पहिली काही वर्षं निघून न जाणंच मला सगळ्यात जड गेलं.

मास्तर एका उन्हाळ्यात वारले, झोपेतच. माझी ड्यूटी बदलून मिळेना, मी तिसऱ्या दिवशी पोचले. बसमध्ये मास्तरीणबाईंना काय बोलायचं ते मनात जुळवत होते. दारात गेल्यावर त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. त्यांनी बाजूला सरकून जागा केली, मी बसले. दफनाला माणसं खूप होती, म्हणाल्या. सेक्रेटरी चांगलं बोलले. शांताबाई आल्या होत्या, त्यांनी पिठलं-भाकरी केली, आणि "दोन घास खाल्ल्याबिगर मी जाणार न्हाई," म्हणून समोर बसून राहिल्या.

संध्याकाळी मी शांताबाईंकडे गेले. त्या एकट्याच मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसून थोडी जुडी ओढून घेतली. जे विचारू नये ते मी विचारलं. "मावशी, तुम्ही मास्तरांना माफ केलं होतं का?"

त्या देठ मोडत राहिल्या.

"ते मला बी माहीत न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "त्यांनी परत कधी विचारलं न्हाई, मी बी बोलले न्हाई. पर सकाळी सायकल वाजली न्हाई, की मी दारात जाऊन उभी राहायलेय. तीन दिवस झाले."

आणि त्यांनी निवडलेली मेथी धुवायला माझ्याकडे दिली.